घोस्ट मारणं: हार्ड डिस्क क्लोन करायची पद्धत आली कुठून

ज्यांनी २००० च्या आसपास असेंबल्ड पीसी घेतला होता त्यांना "घोस्ट मारून देतो" हे वाक्य आठवत असेलच. घोस्ट म्हणजे अख्ख्या डिस्कची जशीच्या तशी नक्कल, म्हणजे क्लोन, करणारं सॉफ्टवेअर. विंडोज बोंबललं की दुकानातला पोरगा बूटेबल फ्लॉपी घेऊन यायचा, करड्या स्क्रीनवर चारपाच वेळा एंटर, आणि चहा होईपर्यंत मशीन पहिल्यासारखं. मीही तेव्हा तेच काम करायचो. पण यातून लोकांच्या डोक्यात घोस्ट म्हणजेच बॅकअप असं जे बसलं ते अजून निघालेलं नाही. या दोन गोष्टी जन्मापासून वेगळ्या आहेत.

बॅकअप जुना. मेनफ्रेम म्हणजे खोलीभर मोठ्या कॉम्प्युटरच्या काळात डेटा टेपवर उतरवायचे आणि टेपच्या तीन पिढ्या ठेवायचे, त्याला आजोबा-बाप-मुलगा पद्धत म्हणायचे, म्हणजे आजची टेप खराब निघाली तर कालची, ती गेली तर परवाची. १९८३ साली आयबीएमचा पीसी एक्सटी १० एमबीची हार्ड डिस्क घेऊन आला आणि त्याच वर्षी डॉस २.० मध्ये, म्हणजे विंडोजच्या आधीच्या ऑपरेटिंग सिस्टीममध्ये, बॅकअप आणि रिस्टोअर या कमांड आल्या. फ्लॉपी ३६० केबीची, म्हणजे भरलेली डिस्क उतरवायला तिसेक फ्लॉप्या, एकेक काढत घालत, नंबर टाकत. त्यातली एक जरी वाचता नाही आली की पुढचं सगळं लटकलं. म्हणून लोक कंटाळा करायचे, आणि डिस्क उडाली की डोकं धरून बसायचे.

क्लोनिंगची वाट दुसरी. युनिक्स या ऑपरेटिंग सिस्टीममध्ये १९७४ पासून डीडी नावाची कमांड आहे, तिला फाईल, फोल्डर काही कळत नाही, सुरुवातीपासून शेवटपर्यंत जे असेल ते जसंच्या तसं उचलून दुसरीकडे ठेवते. कमांड देताना आयएफ म्हणजे कुठून, ओएफ म्हणजे कुठे. हे दोन उलटे पडले तर संपलं, मधे कोणी विचारत नाही.

पीसीवर हे सोपं केलं ते न्यूझीलंडमधल्या ऑकलंडच्या मरे हॅझर्ड यांनी. त्यांच्या बायनरी रिसर्च कंपनीने १९९५-९६ च्या सुमारास घोस्ट काढलं. अडचण होती कंपन्यांची: विंडोज ९५ आलेलं, शेकडो मशीनवर तेच विंडोज, तेच ड्रायव्हर, तेच सॉफ्टवेअर हाताने टाकायचं म्हणजे दिवसच्या दिवस जायचे. एक मशीन नीट तयार करायचं आणि बाकीच्यांवर त्याचा छाप उठवायचा, घोस्ट बनलं ते एवढ्यासाठी. त्याला फॅट फाईल सिस्टीम, म्हणजे डिस्कवर फाईली मांडायची तेव्हाच्या विंडोजची पद्धत, समजायची, त्यामुळे डीडीसारखी रिकामी जागा उचलत न बसता ते भरलेला भागच घ्यायचं, आणि नवी डिस्क वेगळ्या साईझची असली तरी चालायचं. १९९८ मध्ये सिमँटेक या सॉफ्टवेअर कंपनीने ते विकत घेतलं, नॉर्टन नाव लागलं आणि ते जगभर पसरलं.

आपल्याकडे मग एक सवय पडली. डिस्कचे सी आणि डी असे दोन भाग करायचे, सी ची घोस्ट इमेज, म्हणजे अख्ख्या सी ची एका फाईलमधली नक्कल, डी मध्ये टाकून ठेवायची. विंडोज बिघडण्यापुरतं झकास होतं ते. पण २६ एप्रिल १९९९ ला सीआयएच व्हायरस फुटला, ज्याला लोक चेर्नोबिल म्हणतात, भारतासकट आशियात भरपूर मशीन गेली. तो डिस्कच्या सुरुवातीच्या १ एमबीवर शून्य लिहायचा, तिथेच पार्टिशन टेबल, म्हणजे कुठला भाग कुठे सुरू होतो याची नोंद, असतं, म्हणजे सी गेला आणि डी सुद्धा दिसेना. इमेज होती, पण बुडणाऱ्या बोटीतच बांधलेली.

माझ्या हातून झालेलं एक सांगतो. एका डीटीपीवाल्याची ४ जीबीची डिस्क भरली म्हणून नवी आणली, एकाच आयडीई केबलवर (तेव्हाची हार्ड डिस्कची केबल) दोन्ही, जम्पर म्हणजे छोटी पिन-टोपी लावून एक मास्टर एक स्लेव्ह, म्हणजे पहिली आणि दुसरी. घोस्टमध्ये लोकल, डिस्क, टू डिस्क, आणि यादीत ड्राईव्ह १, ड्राईव्ह २ आणि पुढे साईझचे आकडे. दोन्ही डिस्क एकाच साईझच्या वाटाव्यात असे ते आकडे नव्हते, पण मी वाचलेच नाहीत. कोरी डिस्क भरलेल्यावर चढली. सात वर्षांच्या लग्नपत्रिका, दिवाळी अंकांची पानं, सगळं गेलं. माणूस ओरडला नाही, नुसता खुर्चीत बसून राहिला. तेव्हापासून मी सोर्स डिस्कचा मॉडेल नंबर आधी कागदावर लिहितो आणि मगच एंटर मारतो.

पुढे गोष्टी सुधारल्या. विंडोजमधल्या शॅडो कॉपी या सोयीमुळे विंडोज चालू असतानाच इमेज घेता यायला लागली, २००७ मध्ये ॲपलचं टाईम मशीन हे बॅकअपचं सॉफ्टवेअर आलं जे तासातासाला नुसते बदल साठवतं, तैवानच्या सरकारी सुपरकॉम्प्युटिंग केंद्रातून क्लोनझिला हे क्लोनिंगचं सॉफ्टवेअर फुकटात आलं. नॉर्टन घोस्ट २०१३ मध्ये बंद झालं.

आज क्लोन बहुतेक एकाच कामाला लागतो, जुन्या हार्ड डिस्कवरून एसएसडीवर, म्हणजे फिरते भाग नसलेल्या वेगवान डिस्कवर, जायला. त्यातही क्लोन झाल्यावर दोन्ही एकत्र जोडून ठेवल्या तर दोघींची डिस्क सिग्नेचर, म्हणजे विंडोज डिस्क ओळखतं तो नंबर, एकच असल्यामुळे विंडोज त्यातली एक ऑफलाईन टाकतं, म्हणजे ती दिसेनाशी होते, आणि लोक घाबरून ती फॉरमॅट करतात. करू नका, जुनी काढून बाजूला ठेवा, नवीवर आठवडाभर काम करून बघा.