परतलेल्या कोबीचं रसायन

घरात कोबी शिजतोय हे दार उघडण्याआधी जिन्यातच कळतं, अशी या भाजीची ख्याती आहे. त्या वासापायी कितीतरी घरांत मुलं कोबीचं नाव काढलं तरी नाक मुरडतात. पण तो वास कोबीत मुळात नसतोच. तो आपण कढईत तयार करतो, आणि म्हणूनच तो टाळणंही आपल्या हातात आहे.

अख्खा गड्डा नाकाजवळ धरून बघा, फारसा वास येत नाही. कोबीच्या पेशींत ग्लुकोसिनोलेट जातीची गंधकयुक्त संयुगं असतात. सिनिग्रिन हे त्यातलं एक महत्त्वाचं. ही संयुगं मोडणारं मायरोसिनेज नावाचं विकर, म्हणजे एन्झाइम, वेगळ्या पेशींत साठवलेलं असतं. पान शाबूत असेपर्यंत दोघांची गाठ पडत नाही. विळीनं चिरल्यावर पेशी फुटतात, दोन्ही एकत्र येतात आणि अलाइल आयसोथायोसायनेट हा तिखट रेणू तयार होतो. नुकत्याच चिरलेल्या कोबीवर वाकलं की नाकाला हलका झणका लागतो, तो याचाच. पान कुरतडणाऱ्या किड्यांना परतवण्यासाठी वनस्पतीनं केलेली ही सोय आहे.

हाच रेणू मोहरीत असतो, कारण मोहरी आणि कोबी एकाच कुळातले. लोणच्यासाठी मोहरी पाण्यात फेसली की ती नाकात चढते, पण फोडणीत तडतडलेली मोहरी चावली तर नुसती खमंग लागते. तापलेल्या तेलात विकर निकामी होतं, मग तिखट रेणू घडवायला कोणी उरत नाही. चिरलेल्या कोबीचंही तसंच आहे. तो लगेच गरम कढईत पडला तर झणका वाढायचा थांबतो, आणि चिरून थोडा वेळ तसाच ठेवला तर तो आणखी तिखट होतो.

इथवर वाईट वास आलेला नाही. तो येतो जास्त शिजवल्यावर. उष्णता लागत राहिली की कोबीतली गंधकयुक्त संयुगं मोडून हायड्रोजन सल्फाइड, डायमिथाइल सल्फाइड, डायमिथाइल ट्रायसल्फाइड असे रेणू सुटायला लागतात. पहिला म्हणजे सडक्या अंड्याचा वास. हवेच्या एक अब्ज भागांत यांचे काही मोजके भाग असले तरी आपल्या नाकाला ते कळतात. कोबी जितका वेळ शिजेल तितके हे वायू वाढतात, आणि झाकण असेल तर त्यातले बरेच कढईतच घुटमळतात. म्हणून माझं स्पष्ट मत आहे: परतायच्या कोबीला पाणी घालू नये आणि झाकण ठेवून तो विसरू नये. इतक्या चांगल्या भाजीला आपण झाकणाखाली उगाच बदनाम केलं आहे.

खमंगपणाचं गणित मात्र पाण्याशी आहे. कोबीच्या वजनात साधारण ९२ टक्के पाणी असतं. ते पृष्ठभागावर आहे तोवर पानाचं तापमान १०० अंश सेल्सियसच्या वर फारसं जात नाही. कडा तांबूस करणारी, भाजल्याचा सुवास देणारी मैयार अभिक्रिया साधारण १४० अंशांच्या पुढे जोर धरते. लुई-कामी मैयार या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञानं १९१२ मध्ये तिचं वर्णन केलं. अमिनो आम्लं आणि साखर यांच्यातली ही अभिक्रिया. कोबीत दोन्ही आहेत, १०० ग्रॅममध्ये साखरच ३ ग्रॅमच्या आसपास. अडसर फक्त पाण्याचा.

आणि हा अडसर लहान नाही. एक ग्रॅम पाणी ३० अंशांवरून १०० अंशांपर्यंत तापवायला ७० कॅलरी उष्णता लागते, पण त्याच एका ग्रॅमची वाफ करायला आणखी ५४०, म्हणजे जवळजवळ आठपट. छोट्या कढईत गड्डाभर कोबी कोंबला तर गॅसची सारी ताकद वाफ करण्यातच जाते आणि भाजी आपल्याच पाण्यात उकडते. रुंद, जाड बुडाची कढई घ्यावी. बिडाची असेल तर उत्तम, कारण गार भाजी पडली तरी ती एकदम थंड होत नाही. कोबी दोन खेपांत परतला तरी वेळ वाया जात नाही. गड्डा धुवायचा तो चिरण्याआधी. चिरून धुतला तर क जीवनसत्त्व पाण्याबरोबर जातं आणि ओला कोबी कढईत येतो तो वेगळाच.

मीठ कधी घालायचं, याचं उत्तरही इथेच आहे. मिठामुळे परासरण होऊन पेशींतलं पाणी बाहेर येतं. कोशिंबिरीत आपल्याला तेच हवं असतं, पण परतताना नको. कडा तांबूस झाल्या की मगच मीठ घाला.

पीठ पेरून केलेली कोबीची भाजी मला या सगळ्यात सर्वांत हुशार वाटते, कारण तिथे सुटलेलं पाणीच कामाला लावलेलं असतं. मोहरी, हिंग, हळद, हिरवी मिरची यांच्या फोडणीवर कोबी परतायचा. तो अर्धवट मऊ होऊन चकाकायला लागला की हातानं बेसन भुरभुरायचं. एका जागी पडलं तर गुठळी होते, कारण बाहेरचा थर ओला होऊन चिकट बनतो आणि आत पाणी शिरत नाही. नीट पसरलं तर प्रत्येक कण पानावरचं पाणी शोषतो. साधारण ६५ ते ७५ अंशांच्या दरम्यान त्यातला स्टार्च फुगतो आणि पिठाचा कच्चटपणा जातो. त्यासाठी मात्र दोन मिनिटं झाकण ठेवून एक वाफ आणावी लागते. मग झाकण काढायचं, कडेनं चमचाभर तेल सोडायचं आणि उलथन्यानं तळ खरवडत परतत राहायचं. बेसनात प्रथिनं वीस टक्क्यांच्या वर असतात, त्यामुळे आता कोरड्या झालेल्या पृष्ठभागावर मैयार अभिक्रिया कोबीपेक्षा पिठात जोमानं होते. तळाशी धरलेली तांबूस खरपुडी हा या भाजीचा खरा जीव.

एवढं करूनही घरातलं एखादं माणूस कोबी कडू लागतो म्हणालं, तर त्यावर विश्वास ठेवा. फेनिलथायोकार्बामाइड हा पदार्थ काहींना कडूजहर तर काहींना बेचव लागतो, हे १९३१ मध्ये आर्थर फॉक्स या रसायनशास्त्रज्ञाच्या लक्षात आलं. पुढे तो फरक मुख्यतः टीएएस२आर३८ या जनुकामुळे पडतो हे उलगडलं. कोबीवर्गातल्या काही कडवट संयुगांची चवही हेच जनुक ठरवतं.

राहिला रंग. पानं शिजताना आम्लं सुटतात आणि हरितद्रव्यातला मॅग्नेशियम निघून जाऊन हिरवा रंग मळकट होतो. कढई उघडी असेल तर उडून जाणारी आम्लं वाफेबरोबर निघून जातात. लिंबूही गॅस बंद केल्यावरच पिळावं, कारण आम्लामुळे रंग तर जातोच, शिवाय भाजी लवकर मऊ होत नाही. जांभळ्या कोबीला मात्र हा नियम उलटा लागू होतो. त्याच्या रंगातली अँथोसायनिन आम्लात लालसर राहतात आणि आम्ल नसेल तर निळसर पडतात, म्हणून तिथे थोडं लिंबू परततानाच घालायचं.