घरगुती फर्निचरकाम (सातारा-सांगली)

घराच्या पडवीत, पत्र्याच्या शेडमध्ये नाहीतर बंगल्याच्या पार्किंगमध्ये स्वतःच्या हाताने लाकडी फर्निचर बनवायचं काम, मग ते हौस म्हणून असो की जोडधंदा म्हणून. मेस्त्रीला बोलावून प्लाय-सनमायक्याचं काम करून घेणं यात धरत नाहीत. पाट, चौरंग, देव्हारा, टीपॉय, स्टडी टेबल, बाकडं या नेहमीच्या वस्तू.

या कामाच्या उगमाबद्दल बराच वाद आहे. गावगाड्यात सुतार हा बारा बलुतेदारांपैकी एक, पण त्याचं बलुत्याचं काम म्हणजे नांगर, कुळव, पाभर, मोटेचं सामान, बैलगाडी. घरात बसायला पाट नाहीतर घोंगडं, त्यामुळे टेबल-खुर्ची इंग्रजांनी आणली असं सरसकट लिहिलं जातं, आणि ते अर्धंच खरं आहे. अजिंठ्याच्या चित्रांत पाठ टेकायची आसनं दिसतात. बृहत्संहितेत (वराहमिहिराचा ग्रंथ, साधारण ६ वं शतक) पलंग आणि आसनांसाठी कोणतं लाकूड घ्यावं यावर अख्खा अध्याय आहे, त्यात साग, साल, देवदार, चंदन, शिंशपा (बहुतेक शिसवीच्या जातीचं झाड) चांगले सांगितलेत आणि वीज पडलेलं, वाऱ्याने उन्मळलेलं, स्मशानातलं झाड घेऊ नये असं म्हटलंय. अर्थात हे सगळं राजेरजवाड्यांचं, कुणब्याच्या घरचं नव्हे.

सातारा भागापुरतं बघायचं तर गाडी महाबळेश्वरला येऊन थांबते. १८२८ च्या आसपास तिथे माल्कम पेठ वसली, साहेबलोकांचे बंगले उठले आणि बंगल्यात खुर्च्या, टेबलं, कपाटं लागायला लागली. तिथल्या जेलात मलाया-सिंगापूरकडून आणलेले चिनी कैदी होते, साधारण १८३० च्या दशकापासून १८६० च्या दशकापर्यंत, आणि त्यांनी भाजीपाला लावला, वेताचं काम सुरू केलं असं सांगतात. त्यावरून काहीजण इथलं सगळं फर्निचरकामच चिन्यांनी शिकवलं म्हणतात, ते जरा जास्तच होतंय. वेत विणणं वेगळं आणि कुसू (खाचेत बसणारं लाकडाचं टोक) पाडून सांगाडा जोडणं वेगळं, आणि दुसरी विद्या सुताराच्या हातात आधीपासून होती. वाईजवळ मेणवलीला नाना फडणवीसांच्या वाड्याचं लाकूडकाम बघितलं तरी पटेल. तेव्हा मागणी साहेबाची आणि हात इथल्याच सुताराचा, हे मत त्यातल्या त्यात बरं वाटतं. मिरजेच्या सतारमेकरांशी नातं जोडणारंही एक मत आहे, पण ती घराणी मूळची हत्यारं करणाऱ्या शिकलगारांची, त्यांचं लाकूड तुणीच्या झाडाचं आणि काम पोकळ, पातळ कोरण्याचं. मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला २०२४ ला जीआय (भौगोलिक मानांकन) मिळाल्यापासून हे मत परत वर आलंय इतकंच.

खरी मेख लाकडाच्या हलण्यात, म्हणजे फुगण्या-आकसण्यात आहे. महाबळेश्वरला वर्षाला ५००० मिमीच्या वर पाऊस आणि त्याच जिल्ह्यात माणला ५०० च्या आसपास, सांगलीकडच्या जत-आटपाडीचीही तीच गत. लाकूड हवेतला ओलावा घेतं-सोडतं, आणि ते उभ्या नसेत (लाकडाच्या रेषांच्या लांबीत) जवळजवळ हलत नाही, आडवं मात्र हलतं. सागाचं धरलं तर ओलावा एक टक्क्याने बदलला की रुंदी साधारण ०.२ टक्के बदलते, म्हणजे ६० सेंमी रुंद फळी पावसाळा ते उन्हाळा ६ टक्के सुकली तर ७ मिमीच्या आसपास आत येते. साग तरी गुणाचा, आंबा-बाभूळ याहून खोडकर. आता हीच फळी कुणी हौशी माणसाने चारी बाजूंनी फेविकॉल आणि स्क्रू लावून फ्रेमला घट्ट बसवली तर मेमध्ये मधोमध तडकणार, आणि मग नाव लाकडाला ठेवणार! जाणकार खालून लंबगोल भोकं पाडून स्क्रू मारतात किंवा फ्रेमच्या खाचेत सरकणारे छोटे ठोकळे लावतात. पावसाळी पाटणला पावसाळ्यात केलेलं टेबल कोरड्या विट्याला नेऊन ठेवायचं असेल तर हे टाळून चालत नाही.

पाय आणि पट्टी जोडायला कुसू आणि खाच. कुसवाची जाडी पट्टीच्या एक तृतीयांश धरतात, २५ मिमीला ८ च्या आसपास. करवत रेघेवरून नाही, रेघेच्या बाहेरून, टाकाऊ बाजूने चालवायची, उरलेलं पटाशीने साफ करायचं आणि कुसू हाताच्या दाबाने आत गेला पाहिजे, मारतूल लागलं तर खाच फाटते, आपोआप गेला तर सांधा ढिला. आरपार कुसवात वरून पाचर मारली की सरस कमी पडला तरी चालतं. पटाशीला निसण्यावर (धार लावायच्या दगडावर) लावलेली धार नसेल तर यातलं काहीच जमत नाही, मग रंधा कितीही महागाचा घ्या.

लाकूड घनफुटावर मिळतं, सांगलीत टिंबर एरियात, नाहीतर जुन्या वाड्यांच्या पाडकामातून. पाडकामाचा साग वाळलेला असतो पण खिळे बघून घ्यावेत, रंध्याचं पातं जातं. शेतातलं झाड असेल तर साग, आंबा, फणस तोडायला १९६४ च्या वृक्षतोड कायद्याप्रमाणे परवानगी लागते, हे आपल्याच बांधावरच्या झाडालाही लागू आहे. ताजी फळी सावलीत, मध्ये पट्ट्या देऊन रचतात, इंचाला साधारण एक वर्ष. बाभूळ आधी पाण्यात बुडवून ठेवायची जुनी पद्धत, त्याने कीड कमी लागते.

फिनिशिंगला चपडा (लाख) स्पिरिटमध्ये विरघळवून केलेलं फ्रेंच पॉलिश किंवा बेलतेल (उकळलेलं जवसाचं तेल). बेलतेलाच्या चिंध्या गोळा करून कोपऱ्यात टाकू नयेत, त्या आपोआप पेटतात, पसरून वाळवाव्यात.