पबमधले रिअल एल महोत्सव

ज्या पिंपातून ग्लासात ओतायची त्याच पिंपात शेवटपर्यंत आंबत आणि मुरत राहिलेली, वरून कार्बन डायऑक्साइडचा दाब न देता वाढली जाणारी बिअर म्हणजे रिअल एल. अशा बिअरची दहा-वीस, क्वचित पन्नासहून अधिक पिंपे एखादा पब दोन-तीन दिवसांसाठी एका ठिकाणी मांडतो आणि आसपासची मंडळी ती चाखत-चाखत संपवतात, त्याला पबचा बिअर महोत्सव म्हणतात. प्रथा ब्रिटनची, त्यातही मुख्यतः इंग्लंडची. ईस्टर, मे महिना आणि ऑगस्टअखेर अशा सोमवारला जोडून येणाऱ्या सुट्ट्यांना गावोगावच्या पबांच्या मागच्या अंगणात मांडव पडतात. आपल्याकडच्या जत्रेशी त्याचे जवळचे नाते वाटते: ठरलेले दिवस, ठरलेली जागा आणि दरवर्षी न चुकता येणारी तीच माणसे.

एल ही बिअरचीच एक जात. मोड आणून वाळवलेली बार्ली, हॉप वेलीची फुले, पाणी आणि यीस्ट एवढ्यावर ती होते. लागर या बिअरच्या दुसऱ्या मोठ्या जातीच्या मानाने तिचे यीस्ट जरा उबदार तापमानाला काम करते. मोठ्या कारखान्यांत आंबवण पुरे झाले की बिअर सहसा गाळतात, बऱ्याचदा उष्णता देऊन उरलेले यीस्टही मारतात आणि मग ती दाबाखाली भरतात. अशी बिअर बराच काळ जशीच्या तशी राहते. रिअल एल मात्र न गाळता, थोड्या उरलेल्या साखरेसह आणि जिवंत यीस्टसह पिंपात जाते आणि तिथे दुसऱ्यांदा आंबते. तिच्यातली मंद फसफस या दुसऱ्या आंबवणाची असते, म्हणून ती जिभेला चावत नाही. ती बर्फगारही प्यायची नसते. ११ ते १३ अंश सेल्सिअस हे तिचे योग्य तापमान. इंग्रज कोमट बिअर पितात ही समजूत यातूनच पसरली, पण चांगल्या पबमधली एल, पिंपे जिथे ठेवतात त्या तळघराइतकी गार असते. फ्रिजचे पाणी आणि माठाचे पाणी यांतला फरक ज्याला कळतो, त्याला हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

१९६० च्या दशकात ही बिअर संपण्याच्या वाटेवर होती. सहा बड्या कंपन्यांनी छोटे कारखाने विकत घेऊन बंद करण्याचा सपाटा लावला होता आणि पबमध्ये गाळलेली, वायूच्या दाबावर चालणारी केग बिअर येत होती. वॉटनी कंपनीची रेड बॅरल हे त्यातले सर्वांत गाजलेले नाव. केगची फारशी निगा राखावी लागत नाही, हे तिचे व्यापारी बळ होते. लाकडी पिंपांतली बिअर टिकवण्यासाठी १९६३ साली एक मंडळ निघाले होते, पण चळवळ उभी राहिली ती १९७१ मध्ये. मायकेल हार्डमन, ग्रॅहम लीस, जिम मेकिन आणि बिल मेलर हे चार तरुण आयर्लंडच्या केरी परगण्यात सुट्टीवर गेले होते. डनक्विन गावातल्या क्रूगर्स बारमध्ये बसून त्यांनी ‘कॅम्पेन फॉर द रिव्हायटलायझेशन ऑफ एल’, म्हणजे एलच्या पुनरुज्जीवनासाठी संघटना काढली. दोन वर्षांनी तिचे नाव ‘कॅम्पेन फॉर रिअल एल’ असे सुटसुटीत झाले. संक्षेप तोच राहिला, कॅम्रा. ‘रिअल एल’ हा शब्दही या संघटनेनेच लोकांच्या तोंडी रुळवला.

चवीची गोष्ट भाषणांनी पटत नाही, चाखवावीच लागते. १९७४ मध्ये केंब्रिजला महोत्सव भरला. पुढच्या वर्षी लंडनच्या कॉव्हेंट गार्डनमध्ये, जिथून फुला-भाज्यांचा बाजार नुकताच हलला होता तिथे, मोठे प्रदर्शन झाले. १९७७ मध्ये अलेक्झांड्रा पॅलेसमध्ये पहिला ग्रेट ब्रिटिश बिअर फेस्टिव्हल भरला. हे सगळे मोठे मेळे स्वयंसेवकांच्या बळावर उभे राहिले.

ही कल्पना पबच्या अंगणापर्यंत पोचायला मात्र वेळ लागला, कारण बहुतेक पब कुठल्या ना कुठल्या कंपनीच्या मालकीचे होते आणि मालक कंपनी सांगेल तीच बिअर विकायला बांधलेले होते. दहा गावांची दहा पिंपे मांडायची मोकळीक फक्त स्वतंत्र पबना, म्हणजे ‘फ्री हाउस’ना होती. १९८९ च्या सरकारी आदेशाने मोठ्या कंपन्यांच्या पबचालकांना निदान एक पिंपातली बिअर बाहेरून घेण्याचा हक्क दिला. तिलाच ‘गेस्ट बिअर’, पाहुणी बिअर, हे नाव पडले. २००२ मध्ये छोट्या कारखान्यांना बिअरवरच्या करात मोठी सवलत मिळाली आणि शेताच्या गोठ्यात, जुन्या गॅरेजमध्ये बिअर करणारे शेकडो लोक पुढे आले. गावच्या महोत्सवाला आज जी विविधता दिसते तिचे मूळ त्या करसवलतीत आहे.

या महोत्सवाचा खरा मानकरी तळघर सांभाळणारा माणूस आहे. कारखान्यातून येते ती अर्धवट तयार बिअर. ती पुरी होते पबमध्ये. महोत्सवासाठी सहसा फर्किन आकाराची पिंपे मागवतात. एका फर्किनमध्ये ९ गॅलन, म्हणजे सुमारे ४१ लिटर किंवा ७२ पाइंट बिअर मावते. शुक्रवारी संध्याकाळी महोत्सव उघडायचा असेल तर पिंपे त्याआधी दोन-तीन दिवस येऊन पडलेली हवीत. ती घडवंचीसारख्या लाकडी किंवा लोखंडी मांडणीवर आडवी ठेवतात आणि हलू नयेत म्हणून दोन्ही अंगांना पाचरी मारतात. त्यानंतर त्यांना धक्का लावायचा नाही, कारण आतला गाळ पोटाशी बसायचा असतो.

मग येते खुंटीचे काम. आडव्या पिंपाच्या पोटावर, वरच्या अंगाला एक बूच असते. त्याच्या मधोमध हातोडीने मऊ, सच्छिद्र लाकडाची किंवा बांबूची खुंटी ठोकतात. ठोकल्याबरोबर आत कोंडलेला वायू सुस्कारा टाकत सुटतो आणि खुंटीच्या माथ्यावर पांढरा फेस फुलून येतो. तो पुसायचा, थोड्या वेळाने परत यायचे, परत पुसायचा. एखादे पिंप तासाभरात शांत होते, एखादे दिवसभर फसफसत राहते. फेस यायचा थांबला की मऊ खुंटी काढून तिथे टणक लाकडाची खुंटी बसवतात, म्हणजे उरलेला वायू आत राहतो. हे लवकर केले तर ग्लासात नुसता फेस येतो. उशिरा केले तर बिअर मेलेली, सपाट लागते. नेमकी वेळ घड्याळ सांगत नाही, कान आणि डोळे सांगतात. तोटी बसवण्याचे कामही असेच कसबाचे: पुढच्या बुचावर तोटीचे टोक धरून लाकडी मोगरीचा एकच नेमका घाव घालायचा. हात कचरला तर बिअरचा फवारा उडतो आणि बसलेला गाळ ढवळतो.

गाळ लवकर बसावा म्हणून पुष्कळ कारखाने पिंपात आयसिंग्लास घालतात. माशाच्या पोटातल्या हवेच्या पिशवीपासून तो बनतो. गढूळ पाण्याच्या भांड्याला आतून निवळीची बी घासण्याची आपल्याकडची जुनी रीत ज्यांनी पाहिली आहे, त्यांना या कामाची ओळख लगेच पटेल. पालघर-डहाणूच्या किनाऱ्यावर घोळ माशाच्या ज्या ‘बोता’ला एवढा भाव येतो, तो माशाचा हाच अवयव. अलीकडे शाकाहारी आणि व्हीगन गिऱ्हाइकांसाठी आयसिंग्लास न घातलेली, किंचित गढूळ दिसणारी एलही मिळते. ती गढूळ आहे म्हणून बिघडलेली समजू नये.

तळघरात तापमान आपोआप राहते, अंगणातल्या मांडवात ते राखावे लागते. त्यासाठी पिंपांवर थंड पाणी फिरवणाऱ्या नळ्यांचे वेटोळे आणि वर जाड आवरण घालतात. यंत्र नसेल तिथे ओली पोती गुंडाळतात आणि ती वाळू देत नाहीत. ऑगस्टच्या उन्हात भरलेल्या महोत्सवाची परीक्षा इथेच होते. चाळीस पिंपे मांडून त्यांतली निम्मी कोमट देण्यापेक्षा बारा पिंपे नीट राखणारा पब केव्हाही श्रेष्ठ. नावांची लांबलचक यादी पाहून भुलणाऱ्या नवख्याने हे लक्षात ठेवावे.

महोत्सवात बिअर बहुधा थेट तोटीतून ग्लासात येते. रोजच्या पबमध्ये गल्ल्यावरचा लांब दांडा ओढून ती तळघरातून वर खेचतात. त्या हातपंपाच्या एका प्रकाराचे पेटंट जोसेफ ब्रामा या इंग्रज संशोधकाने १७९७ मध्ये घेतले होते. तोटीतून आलेल्या बिअरवर फेस थोडा असतो. इंग्लंडच्या उत्तरेतल्या यॉर्कशरकडच्या माणसाला तो दाट हवा असतो, दक्षिणेतल्याला त्याचे एवढे अगत्य नसते. हा वाद जुना आहे आणि प्रत्येक मांडवात नव्याने रंगतो.

पिण्याची रीतही ठरलेली आहे. दाराशी ग्लास विकत किंवा अनामत देऊन घ्यायचा. त्यावर पाइंट, अर्धा पाइंट आणि एक-तृतीयांश पाइंट अशा रेघा आखलेल्या असतात. पाइंट ५६८ मिलिलिटरचा. जाणती मंडळी तृतीयांश मापाने घेतात, कारण तेवढ्याने सहा-सात चवी घेऊनही माणूस शुद्धीवर राहतो. सुरुवात हलक्या एलपासून करावी. माइल्ड ही सहसा गडद रंगाची, तीन-साडेतीन टक्क्यांची बिअर एके काळी इंग्लंडच्या मध्य भागातल्या कामगारांचे रोजचे पेय होती. आज ती दुर्मिळ झाली आहे आणि महोत्सवात दिसली तर आधी तिच्याकडे जावे. मग हॉप्सच्या कडवटपणाची बिटर: कीथलीच्या टिमथी टेलर कारखान्याची लँडलॉर्ड किंवा लुइसच्या हार्वीजची ससेक्स बेस्ट. त्यानंतर पोर्टर आणि स्टाउट या काळपट बिअर. मॅशमच्या थीकस्टनची ओल्ड पेक्युलियर किंवा एखादी बार्ली वाइन (नावात वाइन असली तरी ती बिअरच) शेवटी, कारण दाट, गोडसर, जड बिअर प्यायल्यावर जिभेला हलके काही कळत नाही.

ग्लास उजेडाकडे धरून पाहावा, मग वास घ्यावा. ताज्या एलला पावाचा, गुळाचा, संत्र्याच्या सालीचा किंवा कापलेल्या गवताचा वास येतो. व्हिनेगरसारखा आंबूस वास आला तर पिंपात हवा जाऊन बिअर बिघडली आहे. तो ग्लास परत न्यावा. चांगला पबवाला हुज्जत न घालता बदलून देतो आणि स्वतः त्या पिंपाची चव घेऊन पाहतो.

खुंटी काढून पहिला ग्लास भरला की बिअरच्या जागी हवा शिरू लागते आणि तिची घटका भरत येते. तीनेक दिवसांत पिंप संपले पाहिजे. महोत्सव दोन-तीन दिवसांचाच का असतो, याचे उत्तर यात आहे. वीस फर्किन मांडले तर गाळ धरून १४४० पाइंट होतात, आणि उघडलेले पिंप कोणी परत घेत नाही. दोनशे वस्तीच्या खेड्यातला पबवाला हा धोका पत्करतो तो आसपासच्या गावांच्या भरवशावर. म्हणून मांडवात बँड वाजतो, पोर्क पाई (डुकराचे मांस भरलेली पेस्ट्री) आणि चीज मिळते, सफरचंदाच्या सायडरची वेगळी रांग असते, पोरे गवतावर खेळतात, कुत्री टेबलाखाली झोपतात आणि बऱ्याच ठिकाणी नफ्यातला वाटा गावच्या एखाद्या चांगल्या कामाला जातो. २० मार्च २०२० रोजी कोविडमुळे ब्रिटनमधले पब बंद झाले तेव्हा केगपेक्षा याच बिअरचे जास्त हाल झाले. तळघरांत उघडलेली पिंपे थांबू शकत नव्हती. ती ओतून द्यावी लागली.

भारताचे धागे या प्रथेत जागोजागी सापडतात. इंडिया पेल एल हा महोत्सवातला हमखास प्रकार एकोणिसाव्या शतकात मुंबई-कोलकात्याकडे येणाऱ्या जहाजांतल्या बिअरमुळे नावारूपाला आला. इंग्लंडच्या चेशर परगण्यात नँटविचजवळच्या ॲस्टन गावी ‘भरतपूर इन’ नावाचा पब आहे. १८२६ मध्ये भरतपूरचा किल्ला घेणाऱ्या लॉर्ड कॉम्बरमिअरची जहागीर त्या भागात होती. हा पब पिंपातल्या एलसाठी, करीसाठी आणि आपल्या बिअर महोत्सवासाठी नावाजला गेला. नाशिकजवळच्या देवळालीच्या छावणीत जहाजाची वाट पाहत कंटाळून गेलेल्या गोऱ्या सोल्जरांमुळे इंग्रजीत ‘डूलॅली’, म्हणजे डोके फिरलेला, हा शब्द आला, आणि २००९ मध्ये पुण्यात सुरू झालेल्या मायक्रोब्रुअरीने, म्हणजे बिअरच्या छोट्या कारखान्याने, तेच नाव घेतले. आपल्या मायक्रोब्रुअरींतली बिअर मात्र सहसा टाकीतून, दाबाखाली आणि गार अशी मिळते. ती ताजी असते, रिअल एल नसते.

रविवारी दुपारनंतर फळ्यावरची नावे एकेक करून खडूने खोडली जातात. पिंपात तिसऱ्या हिश्शाएवढी बिअर उरण्याआधीच मागची बाजू अगदी हळू उचलून पाचर सरकवलेली असते, म्हणजे शेवटचा ग्लासही निवळ येतो. तोटीतून गढूळ धार लागली की पिंप संपले. मग तोटी काढून त्या भोकात बूच मारतात, वरची खुंटी घट्ट ठोकतात म्हणजे आत माश्या शिरत नाहीत आणि कुबट वास धरत नाही, आणि रिकामी पिंपे कारखान्याच्या गाडीची वाट पाहत पबच्या भिंतीला लावून ठेवतात.