प्रोग्रॅम तोच, यंत्र दुसरं, उत्तर वेगळं

‘संगणक कधी चुकत नाही’ हे वाक्य आमच्या इंदूरच्या मराठी घरांत आजही ठामपणे ऐकू येतं. म्हणूनच शेजारच्या इंजिनिअरिंगच्या मुलाने एकच पायथन प्रोग्रॅम दोन लॅपटॉपवर चालवला, एक एक्स८६ जातीच्या प्रोसेसरचा, दुसरा एआरएम जातीच्या, आणि बेरीज सोळाव्या आकड्याला वेगळी आली, तेव्हा घरच्यांना पहिला संशय आला तो व्हायरसचा. दोन्ही लॅपटॉप ठणठणीत होते.

दशमान पद्धतीत १/३ जसं ०.३३३… असं संपतच नाही, तसं संगणकाच्या द्विमान, म्हणजे फक्त ० आणि १ च्या, पद्धतीत ०.१ संपत नाही. नेहमीच्या ६४ बिटांच्या संख्येत ५३ सार्थ बिटं, म्हणजे द्विमान आकडे, मावतात, पुढचं कापून जवळची संख्या धरावी लागते; हेच पूर्णांकन. ती कशी धरायची हे १९८५ च्या आयईईई ७५४ या संगणकी आकडेमोडीच्या मानकाने ठरवलं. गणितज्ञ विल्यम काहान यांचा त्यात मोठा वाटा. पण मानक बांधतं ते एकेका क्रियेला. क्रिया कोणत्या क्रमाने करायच्या, हे ते सांगत नाही, आणि खरी गंमत इथेच आहे.

पायथनमध्ये (०.१+०.२)+०.३ करून बघा: ०.६००००००००००००००१. कंस हलवून ०.१+(०.२+०.३) केलं की नेमकं ०.६. शाळेतला बेरजेचा साहचर्य नियम इथे मोडतो!

आता लाखभर आकड्यांची बेरीज घ्या. एव्हीएक्स२ ही एक्स८६ची सोय असलेला प्रोसेसर असे चार आकडे एकदम हाताळतो, एआरएमची तशीच सोय, निऑन, दोन. त्यामुळे पोटबेरजा निराळ्या पडतात, म्हणजे कंस निराळे. ओपनब्लाससारखी गणिताची तयार लायब्ररी तर चालू होताना प्रोसेसर ओळखून त्याला साजेसा कोड निवडते. शिवाय एफएमए: गुणाकार करून लगेच बेरीज, दोन्ही मिळून शेवटी एकदाच पूर्णांकन. सराफ्यातल्या मुनीमाने दर ओळीला पैसे सोडायचे की फक्त शेवटच्या बेरजेला, तसा हा फरक. ५३ बिटांच्या दोन संख्यांचा गुणाकार १०६ बिटांपर्यंत जातो. एफएमए तो अख्खा वापरतं, साधा मार्ग आधीच कापतो. प्रोग्रॅमचं यंत्रभाषेत भाषांतर करणाऱ्या कंपायलरने एफएमए वापरलं की नाही, यावरही शेवटचं बिट ठरतं. साइन, घातांक अशा फलांना तर मानक अचूक पूर्णांकनाची सक्तीच करत नाही.

कुंडलीच्या सॉफ्टवेअरने ग्रहाचे अंश दहा दशांश स्थळांपर्यंत छापले म्हणून भविष्य खरं ठरत नाही. लांबलचक आकडा पाहून भारावून जाणं सोडलंच पाहिजे.

पायथनचं एफसम हे फंक्शन आकड्यांची बेरीज शेवटी एकदाच पूर्णांकित करतं, म्हणून क्रम कसाही असला तरी उत्तर बदलत नाही. मात्र ते हळू चालतं, आणि मॅट्रिक्सच्या गुणाकाराला त्याचा उपयोग नाही. त्या मुलाच्या प्रोग्रॅममध्ये दोन उत्तरं ‘तंतोतंत समान’ आहेत का, अशी तपासणी होती. तिथे आता पायथनचंच इझक्लोज हे फंक्शन आहे, ठरावीक फरक चालवून घेणारं.