ईझल, बालशिक्षणातील

चित्राचा कागद किंवा फळी उभी अथवा थोडी मागे कलती धरून ठेवणारी लाकडाची, क्वचित धातूची वा प्लॅस्टिकची चौकट. चित्रकाराच्या कार्यशाळेतील ही वस्तू विसाव्या शतकात आखूड पायांची आणि खाली रंगाच्या डब्यांसाठी खाचा असलेली होऊन बालशाळेत आली. साधारणपणे दीड ते सहा वर्षांची मुले उभ्याने रंगकाम करण्यासाठी ती वापरतात. प्रस्तुत नोंद मुख्यतः या बाल-ईझलविषयी आहे. मराठीत 'चित्रफलक' हा शब्द कधी चित्राच्या फळीला, तर कधी ती पेलणाऱ्या चौकटीला लावला जातो. येथे तो केवळ फळी या अर्थाने योजला आहे.

शब्द : इंग्रजीतून मराठीत आलेला 'ईझल' हा शब्द मुळात डच 'एझेल', म्हणजे गाढव. इंग्रजीत तो सोळाव्या शतकाच्या अखेरीस किंवा सतराव्याच्या पूर्वार्धात आला असावा. निसर्गचित्र, रेखाटन, अम्लरेखन (एचिंग) या अर्थांचे इंग्रजी शब्दही डच-जर्मन चित्रपरंपरेतूनच इंग्रजीत गेले. डच शब्दाचे मूळ लॅटिन 'असिनुस' किंवा त्याचेच लघुरूप 'असेल्लुस' येथपर्यंत नेतात. ओझे निमूट वाहणारे जनावर आणि ओझे पेलणारी चौकट हे साम्य एकट्या डचांना सुचले असे नाही. फ्रेंच 'शव्हाले', इटालियन 'काव्हाल्लेत्तो' आणि स्पॅनिश 'काबायेते' या तिन्हींचा मूळ अर्थ लहान घोडा असाच आहे. मराठीतही माळ्यावरचे सामान काढायला ज्यावर चढतात त्या लाकडी तिवईला घोडा किंवा घोडी म्हणतात. मात्र या समांतर शब्दांवरून एका भाषेने दुसरीकडून उसनवारी केली असे अनुमान काढणे घाईचे ठरेल. ओझ्याची कल्पना सर्वांना स्वतंत्रपणे सुचण्याइतकी सोपी आहे. जर्मन भाषेने जनावराची वाट सोडून 'श्टाफेलाय', म्हणजे पायऱ्यांची वस्तू, असे नाव दिले. त्यात चित्र वरखाली सरकवण्याच्या खुंट्या-खाचांची खूण राहिली आहे.

प्राचीनता : ईझलसदृश साधनाचे सर्वांत जुने चित्रण म्हणून ईजिप्तमधील सक्कारा येथील मेरेरुका या वजिराच्या थडग्याचा निर्देश केला जातो (सहावा राजवंश, इ. स. पू. सुमारे २३००). त्यात मेरेरुका समोर उभ्या केलेल्या फलकावर वर्षाचे तीन ऋतू मानवी आकृतींच्या रूपात रंगवताना दिसतो. रोमन लेखक प्लिनीने इसवी सनाच्या पहिल्या शतकात ऱ्होड्झ बेटावरच्या प्रोटोजेनीझ या ग्रीक चित्रकाराची एक कथा नोंदवली आहे. अपेलीझ हा चित्रकार त्याला भेटायला गेला असता तो घरी नव्हता, मात्र चौकटीवर चढवून तयार ठेवलेला एक मोठा फलक होता आणि एक वृद्धा त्यावर लक्ष ठेवून होती. या चौकटीला प्लिनी 'माकिना' म्हणतो. कथेची विश्वसनीयता काहीही असो, 'चढवलेला फलक' ही त्याच्या वाचकांना परिचित गोष्ट होती एवढे निश्चित. क्रिमियातील केर्च येथे सापडलेल्या साधारण त्याच शतकातील दगडी शवपेटीच्या आतल्या बाजूस चित्रकाराची कार्यशाळा रंगवलेली आहे. तीत ईझल स्पष्ट ओळखता येते.

भारतीय वाङ्मयात चित्रफलक वारंवार येतो, त्याचा आधार मात्र सहसा येत नाही. कालिदासाच्या (सामान्यतः इसवी सनाचे चौथे-पाचवे शतक) शाकुंतलातील सहावा अंक या दृष्टीने बोलका आहे. दुष्यंताने काढलेले शकुंतलेचे चित्र अपुरे आहे. राजा चतुरिका या दासीला कुंचला आणायला पाठवतो, तेव्हा आपण परत येईपर्यंत हा चित्रफलक धरा असे ती विदूषकाला सांगते, आणि मी स्वतःच धरतो म्हणून राजा तो हाती घेतो. फलक ठेवायला घोडा असता तर हा प्रसंग असा रचला गेला नसता. एका नाट्यप्रसंगावरून कार्यशाळांच्या रीतीविषयी अंतिम निष्कर्ष काढता येत नाही हे खरे. परंतु लघुचित्रांचे कारागीर जमिनीवर बसून, उचललेल्या गुडघ्यावर फळी टेकवून काम करीत, ही पुढच्या काळातील सुपरिचित गोष्ट या वाचनाला पूरक आहे. उभ्या पृष्ठभागावर काम करण्याचा भारतीय अनुभव ईझलचा नव्हे, तर भिंतीचा आहे. अजिंठ्याच्या लेण्यांपासून डहाणू-तलासरीकडच्या वारली घरांत भिंतीवर रंगवल्या जाणाऱ्या लग्नाच्या चौकापर्यंत तो पसरलेला आहे. बाल-ईझलचा विचार करतानाही हा भेद ध्यानात ठेवावा लागतो.

बालशाळेत प्रवेश : बाल-ईझल म्हणजे चित्रकाराच्या ईझलची छोटी आवृत्ती, अशी सर्वसाधारण समजूत आहे. ती आकारापुरती बरोबर आहे. वापराची वंशावळ पाहिली, तर कुंपण आणि फळा हे त्याचे अधिक जवळचे पूर्वज ठरतात.

फ्रीड्रिख फ्रबेल यांनी १८३७ साली ब्लांकेनबुर्ग येथे सुरू केलेल्या आणि १८४० मध्ये 'किंडरगार्टन' हे नाव दिलेल्या संस्थेत मुले बसून चौकटी आखलेल्या पाटीवर रेषा जुळवीत. पृष्ठभाग आडवा होता आणि हालचाल बोटांची होती. या रीतीला पहिला ठळक छेद एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस फिलाडेल्फियातील जे. लिबर्टी टॅड यांनी दिला. त्यांच्या वर्गात मुले भिंतीवरच्या फळ्यासमोर उभी राहून दोन्ही हातांनी एकाच वेळी मोठी वलये आणि सर्पिले काढीत. त्यांच्या १८९९ च्या ग्रंथातील छायाचित्रांत ही मुले दिसतात. दोन्ही हात सारखे तयार झाल्याने बुद्धीही तयार होते, हे टॅड यांचे तत्त्व आता कोणी मानत नाही. खांद्यापासून रेषा ओढण्याची त्यांची रीत मात्र टिकली.

दुसरा धागा व्हिएन्नाचा आहे. फ्रान्त्स चिझेक (१८६५–१९४६) विद्यार्थी असताना त्यांच्या खोलीसमोर एक लांब लाकडी कुंपण होते. आसपासची मुले त्यावर चित्रे काढीत आणि जागेसाठी भांडत. मुलांना कोणी न शिकवता जे काढावेसे वाटते, त्याला स्वतःचे नियम असतात, हा विचार त्यांनी या कुंपणावरून घेतला असे सांगितले जाते. १८९७ मध्ये त्यांनी बालकांचा कलावर्ग सुरू केला. बालकलेच्या इतिहासात चिझेक यांना मान मिळतो तो या विचारासाठी. ईझलचा शोध त्यांच्या नावावर घालण्याचे कारण नाही. तसा एकच जनक या साधनाला नाही. इंग्लंडमध्ये मॅरियन रिचर्डसन (१८९२–१९४६) यांच्या कामामुळे मोठा कागद, जाड ब्रश आणि पाण्यात कालवायचे भुकटीचे रंग शाळांतून रूढ झाले. याच सुमारास, म्हणजे दोन महायुद्धांच्या दरम्यान, अमेरिकेच्या बालशाळांत ईझल हे नेहमीचे सामान बनले. मोठ्या कागदावर पातळ भुकटीरंग वापरायचा तर प्रत्येक मुलाला टेबल पुरत नाही. ईझलच्या प्रसारामागे हे जागेचे साधे कारणही असावे.

मारिया माँटेसरी यांनी मात्र तथाकथित मुक्त चित्रणाविषयी साशंकता व्यक्त केली. हात आणि नजर आधी अप्रत्यक्षपणे तयार व्हावी, या हेतूने त्यांनी धातूच्या साच्यांभोवती पेन्सिल फिरवण्याचे काम मुलांना दिले. तेही टेबलावर बसूनच होते.

रचना : सर्वाधिक आढळणारा प्रकार दुपाखी, इंग्रजी 'ए' अक्षरासारखा असतो. माथ्याशी बिजागरी असते आणि पाय फाकू नयेत म्हणून मध्ये साखळी किंवा आडवी पट्टी असते. दोन मुले पाठीला पाठ न लावता समोरासमोर, पण एकमेकांचे चित्र न पाहता काम करू शकतात. एका बाजूस खडूचा फळा आणि दुसऱ्या बाजूस पांढरा चुंबकी फळा, माथ्यावर कागदाची गुंडाळी, ही अलीकडची बाजारी रूपे आहेत. जागा कमी असेल तर भिंतीला जडवलेले किंवा टेबलावर ठेवायचे ईझल चालते. कागदाचा अमेरिकेत रूढ झालेला आकार १८ × २४ इंच (सु. ४५ × ६० सेंमी.) आहे. कागदाचा मध्य मुलाच्या छातीच्या आणि डोळ्यांच्या दरम्यान यावा. तो त्याहून वर गेला की हात लवकर भरून येतो.

ब्रश रुंद आणि लांब दांड्याचा असावा, प्रत्येक डब्यात एकच. रंग दाट ताकाइतका. पातळ रंग उभ्या कागदावरून ओघळतो, आणि शिक्षकाला नकोसा वाटणारा हा ओघळच मुलाला पुष्कळ शिकवतो. ब्रश डब्याच्या काठावर निपटावा लागतो, रंग कमी घ्यावा लागतो, खालून वर ओढलेली रेघ वेगळी वागते. तीन वर्षांचे मूल हे सांगण्याने नव्हे, तर चार-दोन चित्रे ओघळल्यावर आत्मसात करते. म्हणून ओघळू नये यासाठी ईझल आडवा करून देणे, ही काही ठिकाणी दिसणारी रीत समर्थनीय नाही.

उभा पृष्ठभाग आणि हात : हात सैल सोडून मनगट मागे वळवले की बोटे आपोआप आत मिटतात आणि अंगठा तर्जनीकडे येतो. मनगट पुढे पाडले की बोटे उघडतात. उभ्या कागदावर काम करताना मनगट स्वाभाविकपणे मागे वळलेल्या स्थितीत राहते, त्यामुळे खडू अंगठा व दोन बोटांत धरणे सुकर होते. शिवाय हात टेबलावर टेकता येत नसल्याने खांद्याला स्थिर राहावे लागते आणि कोपर मोकळे फिरते. व्यवसायोपचार-तज्ज्ञ (ऑक्युपेशनल थेरपिस्ट) लेखनपूर्व तयारीसाठी उभ्या पृष्ठभागाची शिफारस करतात ती याच कारणांनी. परंतु पकड पृष्ठभागाइतकीच साधनावरही अवलंबून असते. खडूचा बोटभर तुकडा मूठभर धरता येत नाही, म्हणून लहानग्यांना अखंड खडूपेक्षा मोडका खडू अधिक उपकारक असतो.

याहून कमी चर्चिला जाणारा, पण आमच्या मते अधिक महत्त्वाचा लाभ दिशाबोधाचा आहे. टेबलावरच्या कागदात 'वर' म्हणजे खरे तर 'लांब', आणि 'खाली' म्हणजे 'पोटाशी'. मोठ्यांना हा संकेत इतका अंगवळणी पडलेला असतो की तो संकेत आहे हेच जाणवत नाही. ईझलवर वर म्हणजे आभाळाकडे आणि खाली म्हणजे पायांकडे. मुलाचे स्वतःचे शरीर, काढलेला माणूस आणि ओघळणारा रंग हे तिन्ही एकाच दिशेत असतात. मूल मागे सरकून आपले चित्र दुरून पाहू शकते, हेही बसलेल्या मुलाला शक्य नसते.

सॅन फ्रान्सिस्कोच्या रोडा केलॉग (१८९८–१९८७) यांनी दहा लाखांहून अधिक बालचित्रे जमवली. त्यांवरून २० मूळ रेघोट्या आणि त्या कागदावर कोठे पडतात याचे १७ प्रकार त्यांनी सांगितले. दोन वर्षांच्या मुलाचे गिरगटणेही कागदाची चौकट ओळखून होते, हा त्यांचा निष्कर्ष ईझल वापरणाऱ्या शिक्षकाने ध्यानात ठेवण्याजोगा आहे.

रंग आणि स्वभाव : एक वाद : रोझ अल्शुलर आणि ला बर्टा हॅटविक यांचा १९४७ मधील द्विखंडात्मक अभ्यास सुमारे १५० बालशाळेतील मुलांच्या ईझल-चित्रांवर आधारलेला आहे. तांबडा रंग उत्कट भावनेशी आणि निळा संयमाशी निगडित आहे, सरळ रेषा ओढणारी मुले ठाम आणि गोलाकार फटकारे मारणारी अधिक परावलंबी असतात, असे संबंध त्यांत मांडले आहेत. शिक्षक-प्रशिक्षणावर या ग्रंथाचा दीर्घकाळ प्रभाव राहिला. नंतरच्या संशोधकांना हे संबंध तितके स्थिर आढळले नाहीत. विशेषतः १९५४ साली प्रसिद्ध झालेल्या एका निरीक्षणाने या विवेचनाचा पायाच हलवला : लहान मुले बहुधा रंग ज्या क्रमाने पन्हळीत मांडलेले असतात त्याच क्रमाने, एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे, वापरत जातात. निळ्या रंगाने सुरुवात करणारे मूल संयमी असेलही, पण निळा डबा त्याच्या हाताशी होता ही शक्यता आधी तपासावी लागते. आजचा कल या दुसऱ्या मताकडे आहे आणि तो योग्य वाटतो. चित्र पाहून मुलाच्या मनाचे निदान करण्याचा मोह शिक्षकाने टाळावा. डब्यांची जागा मात्र अधूनमधून बदलत राहावी.

महाराष्ट्रात : मराठी मुलाचा पहिला लेखनपृष्ठभाग परंपरेने आडवा होता. धूळपाटीवर बोटाने गिरवलेली अक्षरे, नंतर मांडीवरची दगडी पाटी. उभा पृष्ठभाग शिक्षकाचा होता : तिवईवर खुंट्यांच्या आधाराने टेकवलेला लाकडी फळा, जो खरे पाहता ईझलच होय. १८५७ साली स्थापन झालेल्या मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमुळे चित्रकारांच्या कार्यशाळेत ईझल परिचित झाले, पण शालेय चित्रकला आडव्या ड्रॉइंग-बोर्डवरच राहिली. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या ग्रेड परीक्षांनी तेच वळण पक्के केले.

बालशिक्षणात १९२६ मध्ये भावनगर येथे स्थापन झालेल्या नूतन बाल शिक्षण संघाद्वारे गिजुभाई बधेका आणि ताराबाई मोडक (१८९२–१९७३) यांनी माँटेसरी पद्धती देशी वळणाने रुजवली. १९४५ मध्ये बोर्डी आणि पुढे १९५७ मध्ये कोसबाड येथे ताराबाई व अनुताई वाघ (१९१०–१९९२) यांनी परिसरात फुकट मिळणाऱ्या वस्तूंतून साधने घडवण्यावर भर दिला. अशा बालवाडीत विकतचे ईझल फारसे दिसत नाही, याचे कारण खर्च हे आहेच. शिवाय मराठी बालशाळेला वळण देणारी माँटेसरी परंपराच बसून करायच्या कामाची होती, असे मानण्यास जागा आहे. सातारा जिल्ह्यातील कुमठे बीटमधून (शाळांच्या एका पर्यवेक्षण-गटातून) नावारूपाला आलेल्या ज्ञानरचनावादी, म्हणजे मूल स्वतःच्या कृतीतून ज्ञान रचते असे मानणाऱ्या, शाळांनीही मुलांना काम दिले ते मुख्यतः रंगवलेल्या फरशीवर.

शाळेची इमारत हेच अध्ययनसाधन मानणाऱ्या 'बाला' उपक्रमाने वेगळी दिशा धरली. दिल्लीच्या विन्यास या संस्थेने युनिसेफच्या साहाय्याने तो विकसित केला. त्यात वर्गाच्या भिंतीच्या खालच्या पट्ट्यावर मुलांसाठी सलग फळा रंगवण्याची सूचना आहे, आणि महाराष्ट्रातील अनेक जिल्हा परिषद शाळा व अंगणवाड्यांत असे फळे आढळतात. ईझलचे वर सांगितलेले बहुतेक लाभ या पट्ट्यावर खडूच्या तुकड्याने मिळतात. ओले रंग तेवढे त्यावर चालत नाहीत. त्यासाठी पट्ट्याच्या वर आडवी दोरी बांधून चिमट्यांनी वर्तमानपत्राचा दुहेरी कागद अडकवला, तळाशी चिकटपट्टी लावली आणि रंगाचे डबे विटांच्या मध्ये घट्ट बसवून ठेवले, तर चार मुलांची सोय एका भिंतीवर होते. पट्टा रंगवताना वरची कड मोठ्यांच्या नव्हे, तर वर्गातील सर्वांत बुटक्या मुलाच्या उंचावलेल्या हातावरून ठरवावी.