चाचणीसाठी खरा पेशंट लागतोच का?

हॉस्पिटलचं सॉफ्टवेअर बनवणाऱ्या टीमला 'प्रॉडची कॉपी' म्हणजे काय हे समजावून सांगावं लागत नाही. प्रत्यक्ष वापरातला डेटाबेस जसाच्या तसा टेस्ट सर्व्हरवर उतरवायचा आणि त्यावर नवी आवृत्ती चालवून बघायची. टेस्टरने हाताने भरलेला डमी डेटा फार नीटनेटका असतो. खऱ्या नोंदींत 'बेबी ऑफ' म्हणून आईच्या नावावर चढवलेली बाळं असतात, एकाच माणसाचे तीन केसपेपर असतात, जन्मतारीख ठाऊक नसली की सरसकट १ जानेवारी टाकलेली असते. सॉफ्टवेअर कोसळतं ते नेमकं इथे. म्हणून कॉपीचा मोह. पण त्या कॉपीबरोबर कुणाचा एचआयव्हीचा रिपोर्ट, कुणाच्या गर्भपाताची नोंद हेही टेस्ट सर्व्हरवर जातं, आणि तिथला पहारा मूळ सर्व्हरइतका कडक क्वचितच असतो.

यावरचे नियम उशिरा आले, आणि आले तेही टेस्टिंग डोळ्यांसमोर ठेवून नाही. सुरुवातीचा वाद संशोधनाचा होता. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्सच्या ग्रुप इन्शुरन्स कमिशनने १९९०च्या दशकात सरकारी कर्मचाऱ्यांच्या हॉस्पिटलच्या नोंदी, नाव-पत्ता काढून, पण जन्मतारीख, लिंग आणि झिप कोड (अमेरिकेतला पिनकोड) तसेच ठेवून, संशोधकांना दिल्या. नाव गेलं की धोका गेला, असा तेव्हाचा समज होता. मे १९९६ मध्ये तिथले गव्हर्नर विल्यम वेल्ड एका पदवीदान समारंभात कोसळले आणि त्याची बातमी झाली. एमआयटीत शिकणाऱ्या लटान्या स्वीनी यांनी केंब्रिज शहराची मतदार यादी २० डॉलरला विकत घेऊन त्या नोंदींशी ताडून पाहिली. वेल्ड यांची जन्मतारीख असलेले सहाच मतदार होते, त्यांत पुरुष तीन, आणि वेल्ड यांच्या झिप कोडमध्ये राहणारा एकच. वेल्ड प्रसिद्ध होते म्हणून हे जमलं, असा आक्षेप पुढे काही अभ्यासकांनी घेतला. तो अगदीच पोकळ नाही. पण जन्मतारीख, लिंग आणि झिप कोड एवढ्यावर माणूस सापडू शकतो, हे त्या प्रयोगाने दाखवून दिलं.

अमेरिकेच्या १९९६च्याच हिपा या आरोग्यविमा कायद्याखालचे गोपनीयतेचे नियम एप्रिल २००३ पासून बंधनकारक झाले, त्यांत याचं प्रतिबिंब दिसतं. नोंद निनावी ठरवायची एक वाट म्हणजे १८ प्रकारच्या खुणा काढून टाकणं: तारखेचं फक्त वर्ष ठेवायचं, झिप कोडचे फार तर पहिले तीन अंक, आणि नव्वदी गाठलेले सगळे एका गटात. २००९च्या हायटेक कायद्याने हॉस्पिटलांसाठी काम करणाऱ्या कंपन्यांनाही थेट जबाबदार धरलं. पुण्या-मुंबईच्या आयटी कंपन्यांत अमेरिकी हेल्थकेअर प्रोजेक्टवर जाणाऱ्याला आधी हिपाचं ट्रेनिंग घ्यावं लागतं, ते यामुळेच.

टेस्टरची अडचण मात्र तशीच राहिली. तारखा काढल्या तर औषधाचा दुसरा डोस वेळेवर दाखवला जातो की नाही, हे तपासणार कसं? बॉस्टनच्या एका हॉस्पिटलमधील अतिदक्षता विभागाच्या नोंदींवर उभारलेल्या 'मिमिक' डेटाबेसने यावर छान तोड काढली. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच्या तिसऱ्या आवृत्तीत प्रत्येक रुग्णाच्या सगळ्या तारखा सारख्याच अंतराने भविष्यात ढकलल्या आहेत. त्यामुळे रुग्ण बाविसाव्या शतकात दाखल होतो, पण दोन तपासण्यांमधलं अंतर बदलत नाही. नव्वदीच्या आसपासच्या आणि पुढच्या रुग्णांचं वय मोजायला गेलं तर ३०० वर्षं निघतं! एवढं करूनही हा डेटा प्रशिक्षण आणि करार झाल्याशिवाय मिळत नाही. डॉक्टरांनी मोकळ्या मजकुरात लिहिलेल्या टिपणांत कुठे काय राहून गेलं असेल, याची हमी कुणी देत नाही.

निव्वळ टेस्टिंगचा प्रश्न चव्हाट्यावर आला तो लंडनमध्ये. रॉयल फ्री या सरकारी हॉस्पिटल ट्रस्टने २०१५ मध्ये गुगलच्या डीपमाइंड कंपनीशी करार केला. मूत्रपिंडाला अचानक इजा होऊ लागली की डॉक्टरांना फोनवर इशारा देणारं 'स्ट्रीम्स' नावाचं अ‍ॅप त्यातून बनणार होतं. हेतूबद्दल वाद नव्हता. पण त्यासाठी सुमारे १६ लाख रुग्णांच्या नोंदी ओळखीसकट दिल्या गेल्या, मूत्रपिंडाचा काही त्रास नसलेल्यांच्याही. २०१६ मध्ये हे उघड झालं, तेव्हा ट्रस्टचं म्हणणं होतं की हा उपचाराचाच भाग आहे, आणि उपचाराला रुग्णाची मूक संमती असतेच. आरोग्य माहितीच्या राष्ट्रीय पालक डेम फिओना कॅल्डिकॉट यांना ते पटलं नाही. नोंदी दिल्या त्या अ‍ॅपच्या चाचणीसाठी, थेट उपचारासाठी नव्हे, असं त्यांनी लेखी कळवलं. ३ जुलै २०१७ रोजी माहिती आयुक्त एलिझाबेथ डेनम यांनीही ट्रस्टने डेटा संरक्षण कायदा पाळला नसल्याचा निर्णय दिला. आपल्या नोंदी अशा वापरल्या जातील अशी रुग्णांची अपेक्षा असू शकत नाही, हा त्यातला कळीचा मुद्दा. दंड झाला नाही, ट्रस्टकडून सुधारणांचं हमीपत्र घेण्यात आलं. मला दंडापेक्षा उपचार आणि चाचणी यांच्यातली ही रेघ महत्त्वाची वाटते. तोवर दोन्ही एकाच पोत्यात भरले जात होते.

त्याच सुमारास अमेरिकेतल्या माइटर संस्थेने 'सिंथिया' हे मोफत साधन आणलं. आजारांचे नेहमीचे टप्पे आणि लोकसंख्येची आकडेवारी वापरून ते जन्मापासून मृत्यूपर्यंतचे पूर्ण काल्पनिक रुग्ण घडवतं. खऱ्या हॉस्पिटलातला गोंधळ त्यात पुरेसा उतरत नाही, अशी कुरकुर टेस्टर करतात आणि ती खरी आहे. तो गोंधळ मुद्दाम मिसळावा लागतो, त्याला वेळ जातो, आणि तो वेळ कुठल्याच प्रोजेक्ट प्लॅनमध्ये धरलेला नसतो.

भारतात आयुष्मान भारत डिजिटल मिशन या सरकारच्या डिजिटल आरोग्य-नोंदींच्या योजनेशी जोडून घेणाऱ्या सॉफ्टवेअरला आधी सँडबॉक्समध्ये, म्हणजे खऱ्या यंत्रणेपासून वेगळ्या ठेवलेल्या चाचणीच्या जागेत, चाचणी द्यावी लागते, खरी यंत्रणा त्यानंतर उघडते. पण हॉस्पिटलच्या आत, सॉफ्टवेअर पुरवणाऱ्या व्हेंडरच्या लॅपटॉपवर काय उतरवलं जातं, ते सँडबॉक्सला दिसत नाही. तिथे लागू होईल तो २०२३चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले, आणि मुख्य जबाबदाऱ्या टप्प्याटप्प्याने लागू होणार आहेत. संशोधन, अभिलेख आणि सांख्यिकी यांना या कायद्यात अटींसह सवलत आहे. सॉफ्टवेअरची चाचणी त्या यादीत नाही.