'माया मच्छिंद्र': पोथीतली राणी आणि पडद्यावरची

बडोद्यातल्या मराठी घरांत श्रावणात नवनाथ भक्तिसाराची पोथी लागते, तेव्हा स्त्रीराज्याचा अध्याय येतोच. 'प्रभात'ने १९३२ साली कोल्हापुरात केलेला 'माया मच्छिंद्र' हा बोलपट त्याच कथेवरचा. आज तो फारसा कुणाला आठवत नाही.

पोथीत खरी तळमळ राणीची आहे. तिच्या राज्यात पुरुष औषधालाही नाही. मारुतीच्या भुभुःकारानेच बायकांना गर्भ राहतो. राणी मैनाकिनीचं एवढ्यावर समाधान होत नाही. मारुतीने प्रत्यक्ष भेटावं म्हणून ती बारा वर्षं स्वतःच्या अंगाचं मांस तोडून अग्नीत आहुती देते. मारुती येतो, आपल्या ब्रह्मचर्याचं कारण पुढे करतो आणि मच्छिंद्रनाथाला पाठवतो. नाथ तिथे रमतो, त्याला मुलगा होतो. मग त्याचा शिष्य गोरख येतो आणि मृदंगातून बोल निघतात: 'चलो मच्छिंदर, गोरख आया.'

बोलपटाचा आधार मणिशंकर त्रिवेदींचं 'सिद्धसंसार' हे नाटक. इथली राणी पुरुषद्वेष्टी, पायाशी पाळीव चित्ता. शेवटी सगळा प्रकार मायेचा ठरतो. गुरूने शिष्याची परीक्षा घेतलेली असते. गुरूची अब्रू वाचते खरी, पण राणीची ओढही त्या मायेतच जमा होते. मला पोथी जास्त धीट वाटते.

मच्छिंद्र झाले गोविंदराव टेंबे, वय पन्नाशीचं; संगीतही त्यांचंच. हा माणूस गंधर्व नाटक मंडळीच्या संस्थापकांपैकी, आणि त्या मंडळीला सयाजीराव महाराजांचा राजाश्रय होता. टेंबे ज्यांना गुरू मानत, ते भास्करबुवा बखले बडोद्यात फैज महंमद खाँकडे शिकलेले. त्यामुळे या बोलपटातलं गाणं बडोदेकरांना परकं नव्हतं. पार्श्वगायन अजून तीन वर्षं लांब होतं. नट कॅमेऱ्यासमोरच गात, वाजवणारे चौकटीबाहेर बसत. व्ही. शांताराम यांनी मराठीबरोबर हिंदी आवृत्तीही केली. गोरख होता मास्टर विनायक.

राणी दुर्गा खोटे, सत्तावीस वर्षांच्या, प्रतिष्ठित घरातल्या. त्याच साली 'अयोध्येचा राजा'मध्ये टेंबे हरिश्चंद्र आणि त्या तारामती होत्या. नवऱ्यामागे हालअपेष्टा सोसणारी आणि पुरुषजातच नको म्हणणारी, अशा दोन राण्या प्रेक्षकांनी एकाच वर्षात एकाच नटीत पाहिल्या.